मुंग्या

“अगं मृदुला, तुझ्या पायाला मुंग्या!” धुणं वाळत घालता घालता सासूबाई ओरडल्या.

“नेहमीच्याच आहेत, आई,” पेरूखाली बसलेली मृदुला डोळे न उघडताच म्हणाली. मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्यापासून तिच्या पायांना सतत मुंग्या यायच्या. बाकी स्पर्श म्हणून काही कळत नसे. दुपारी काठी टेकत ती इथे यायची. पेरूखाली कुणी ‘आज कसं वाटतंय’ विचारत नसे.

“अगं, खऱ्या मुंग्या! लाल!”

तिने खाली पाहिलं. मुंग्यांची रांग पावलावरून चालली होती. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी ती बघत राहिली. सासूबाई झाडू घेऊन धावत आल्या.

तेवढ्यात करंगळीशी काहीतरी टोचलं.

“थांबा आई, झटकू नका,” ती हळूच म्हणाली. “चावली. मला कळलं.”