घाटमाथ्यावरचा लाल दिवा

घाट उतरायच्या आधीच ब्रेकच्या हवेचा लाल दिवा लागला, तसा तुळशीरामने टोमॅटोने भरलेला ट्रक कडेला घेतला आणि चाकांखाली दगड लावले. मालक फोनवर खेकसला, "दिवे काय, लागतच असतात! माल सडेल तिकडे."

"मेकॅनिकने बघितल्याशिवाय मी गाडी खाली नेणार नाही."

"मग राहू दे. दुसरा ड्रायव्हर पाठवतो."

दुपारी मोटारसायकलवरून दुसरा ड्रायव्हर आला. तो तुळशीरामचाच जावई होता, प्रदीप. त्याच मालकाकडे नुकताच कामाला लागलेला.

"मामा, द्या किल्ली. हळूहळू उतरवतो."

"दिवा बघितलात ना, जावईबापू?"

"बघितला. पण नाही म्हटलं तर माझीही नोकरी जाईल."

प्रदीप वाकून चाकांखालचे दगड काढू लागला. तुळशीरामने त्याला आणखी काही समजावलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि कठड्यापलीकडे दरीत भिरकावून दिली.

मालकाला शेवटी दुसऱ्या किल्लीबरोबर मेकॅनिकही पाठवावाच लागला. गाडी दुरुस्त होऊन खाली गेली, पण सासरा आणि जावई दोघांचंही काम सुटलं. प्रदीप तुळशीरामशी बोलेनासा झाला. एकदा माहेरी आलेल्या लेकीनेच विचारलं, "अण्णा, त्या दिवशी ब्रेक खरंच लागले नसते का?"

"लागलेही असते, पोरी," तुळशीराम म्हणाला. "पण तुझ्या नवऱ्याला घाटात उतरवून मला ते बघायचं नव्हतं."