मागची सीट
बत्तीस वर्षं मी साहेबलोकांची बुडं मागच्या सीटवर बसवून फिरवली, स्वतः तिथे एकदाही टेकलो नाही. बायको म्हणायची, “रिटायर झालात की आपण दोघं ऐटीत मागे बसू.” मी रिटायर झालो, त्याच वर्षी ती गेली. तरी हट्टाने छोटी, सेकंडहँड एसयूव्ही घेतली. चावी देताना एजंटने मागचं दार उघडलं. “काका, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मागे कोणी बसलंच नाही हो! असंच ठेवा, तीन वर्षांनी विकताना भाव चढा मिळेल.” “तीन वर्षांनी गाडी असेल रे, माझं काय सांगतोस?” मी ते प्लास्टिक टराटरा फाडलं. “अहो काका, रीसेलचे पैसे मातीत घातलेत की!” मागे एका कडेला बसलो, शेजारची जागा मोकळी सोडली, दार ओढून घेतलं. एजंटने काचेवर टकटक केली. “काका, आता चालवणार कोण?”