चढाचा विक्रम

हसनाबादजवळच्या डोंगरातील जंगलवाट सायकलने सर्वांत जलद चढण्याचा विक्रम विज्ञानशिक्षिका सत्यशीलाच्या नावावर होता. गावातल्या राधेश्यामने तो निम्म्या वेळात मोडला. खिशातल्या मोबाइलवरून वेळ आणि वाट टिपणाऱ्या ॲपवर तशी नोंदही झळकली.

"मॅडम, तुम्ही आपल्या फळ्यापाशीच बऱ्या. हा चढ तुमच्याच्यानं न्हाई व्हायचा," तो टपरीवर चारचौघांत म्हणाला.

इतका वेग माणसाच्या पायांतून निघत नाही, हे सत्यशीलाने गणिताने पडताळून पाहिले. तक्रार मात्र केली नाही. उलट त्याच चढाच्या पायथ्याशी तिने त्याचा सत्कार ठेवला. सारे गाव जमले. गळ्यात हार पडताच तिने आपली सायकल त्याच्यापुढे धरली.

 

"भाऊ, मंग आता सगळ्यांसमोर एकदा चढून दाखवा. तुमच्या मोटारसायकलची चावी तेवढी माझ्यापाशी राहू द्या."