वर केलेला हात

"ज्यांना हा कायदा हवा, त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले, आणि देवळासमोर बसलेली सगळी ग्रामसभा एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागली.

परवाना असला तरी लग्नात, जत्रेत, सभेत कुणी पिस्तूल उघडं मिरवायचं नाही, असा कायदा सरकार करणार होतं. त्याआधी गावाचं मत हवं होतं. पहिल्याच रांगेत सरपंचाचा भाऊ पाय पसरून बसला होता, कमरेचं पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं. गेल्या वर्षी पुतण्याच्या हळदीत नाचताना त्यानं हवेत बार काढले, त्यातली एक गोळी सोनालीच्या छातीत घुसली. जागच्या जागी गेली पोर. पोलिसांनी विचारलं तेव्हा अख्ख्या गावानं फक्त फटाके ऐकले होते. पिस्तूल त्याच्या कमरेला परत आलं.

सोनालीच्या आईनं हात वर केला. तिच्या दारात गळा काढून रडलेल्या बायका पदर सारखे करत बसल्या. मग शेजारी बांगड्या वाजल्या. तिच्या धाकट्या लेकीनं, मोनालीनंही हात वर केला होता.

सरपंचाचा भाऊ मागं वळला. मोनालीकडं बघत राहिला.

"हिचं यंदाच उरकताय ना, वहिनी?" तो हसून म्हणाला. "हळदीला बोलवा बरं का. येतो आम्ही."

मघापासून वर धरलेल्या हातानंच आईनं मोनालीचं मनगट पकडलं आणि खाली ओढलं.