सोळा तासांची मटकी

समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान हलतंय की नाही, तेच शकुंतलाबाईंना कळेना.

"मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, काकू. सोळा तास," शेजारचा म्हणाला.

किलोमीटर त्यांच्या डोक्यावरून गेले. सोळा तास मात्र बरोब्बर समजले. आठ तास मटकी भिजवायची, आठ तास फडक्यात बांधायची. लेक हॉस्टेलवरून घरी यायला निघाली की त्या असाच हिशेब धरायच्या. मग तिच्या लग्नावरून बिनसलं आणि सहा वर्षं ते फडकं कोरडंच राहिलं.

डोळा लागला तेव्हा त्यांना वाटलं, ढगांच्या ओल्या फडक्यात कुणी आपल्यालाच बांधून ठेवलंय आणि आत काहीतरी हळूच उलतंय.

विमानतळावर लेक पाया पडली, पण गाडीत तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. घरी स्वयंपाकघरात नळाला मटकीची पुरचुंडी टांगलेली दिसली.

"तुझं विमान सुटलं तेव्हा भिजत घातली," लेक पाठमोरीच म्हणाली.

शकुंतलाबाईंनी गाठ सोडली. मोड चांगले पेरभर लांब होते.

"खोटं," त्या मोडांवरून हलकेच बोट फिरवत म्हणाल्या. "हे दोन दिवसांचे मोड आहेत गं."