तपासणी

लेक सैन्यात भरती झाल्यावर पहिल्यांदाच सुट्टीवर घरी आली होती. तिच्यासाठी मी नवी चादर अंथरली, उशीचा अभ्रा बदलला. पहाटे डोकावले, तर पलंग होता तसाच आणि बाईसाहेब खाली फरशीवर, किटबॅग उशाशी घेऊन गाढ झोपलेल्या. मला लागलंच ते. "काय गं, घरची गादी टोचायला लागली का?" ती दचकून उठली आणि थेट सावधानमध्ये उभी राहिली. समोर मी आहे हे कळल्यावर ओशाळली. "तसं नाही गं आई. तिकडे रोज सकाळी पलंगांची तपासणी असते. चादरीला एक सुरकुती दिसली तरी सगळ्या बराकीला मैदानात पळवतात. म्हणून आम्ही रात्रीच पलंग लावतो आणि खाली झोपतो." "मग पलंग दिलेत कशाला?" "तपासायला!" ती हसली, पण हात सवयीनं चादरीचा कोपरा ताणतच होता. "आणि तू इतका छान लावलेलास, मोडवेना." याच पोरीला पांघरुणाची घडी घाल म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आले होते. आता माझंच डोकं फिरलं. मी सरळ पलंगावर चढले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत मनसोक्त लोळले. चादर गोळा झाली, उशी खाली पडली. "आई, अगं काय करतेस!" "झाली तपासणी. सपशेल नापास!" मी म्हटलं आणि भिंतीकडे सरकून तिला जागा केली. "ये आता गुमान वर."