मागचा मणी

"दहा म्हणजे दहा," असं म्हणत मार्गारेटने बेलाच्या हातातली माळ ओढून घेतली. "शाळेत पाढे धडाधड म्हणतेस आणि देवापुढे दहा मणी मोजता येत नाहीत?"

तिची लेक बेला नऊ वर्षांची. ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. वेदीवरची मेणबत्ती कालच नवी लावलेली, आज बोटभर उरली होती. चुलीवरचा भात करपला होता. शेजारच्या फ्लॉसीकडचा संध्याकाळचा तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, केव्हाच आटपला होता आणि तिने कुडापलीकडून चौकशीही केली होती, "मार्गारेट, तेर्स अजून चालूच? तुमच्यात आजच गुड फ्रायडे हाय काय गं?"

गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. संध्याकाळी चर्चची आंजेलुसची घंटा झाली की मार्गारेट भिंतीला पाठ टेकून बसायची. बेला माळ धरून 'नमो मारिया' सांगायची, मार्गारेट आणि धाकटा युजीन 'पवित्र मारिये' म्हणून उत्तर द्यायचे. देवाला नमस्कार करून चटकन उठावं आणि पुस्तक उघडावं, एवढीच मार्गारेटची इच्छा. पण बेलाचा तेर्स काही संपायचं नाव घेत नसे.

आणि पुस्तक उघडणं भाग होतं. नवरा सॅन्टन वारल्यावर गावच्या शाळेने तिला मास्तरीण म्हणून घेतलं, तेव्हा तिच्याजवळ शिक्षकीची सरकारी परीक्षा नव्हती. आता हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, ईस्टरनंतरच्या परीक्षेत पास व्हा. नाहीतर जूनपासून मला तुम्हाला ठेवता येणार नाही." पहाटे पानवेलींना पाणी, मग रांधणं, मग शाळा, दुपारी पुन्हा वाडी. अभ्यासाला उरायची ती तेर्सानंतरची वेळ, आणि तिच्यावर ही पोर पाणी फिरवत होती.

मार्गारेटने फूटपट्टी आणली. बेलाने आपणहून हात पुढे केला. तळहातावर एक बसली, दुसरी बसली. पोर रडली नाही, नुसतं आईकडे बघत राहिली. मार्गारेटला तो कोडगेपणा वाटला.

"उद्यापासून युजीन सांगेल," ती म्हणाली.

युजीन सहा वर्षांचा आणि पोटात सदा भूक. त्याचा 'नमो' सुटला की थेट 'आमेन'वरच थांबायचा. भात शिजायच्या आत तेर्स खलास. देवालासुद्धा धाप लागली असेल. मार्गारेट खूश झाली. आता अभ्यासाला हवा तेवढा वेळ होता.

पण काय झालं होतं कुणास ठाऊक, अक्षरं डोळ्यांसमोर ठरेनात. पूर्वी थोड्या वेळात धडाच्या धडा डोक्यात जायचा. आता एकच पान ती पुन्हा पुन्हा वाची आणि खाली पोचेपर्यंत वरचं विसरे. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती जांभया द्यायची. ईस्टरआधीचा उपासकाळ तसाच सरला. परीक्षा झाली की पोटभर झोपू, असं ती मनाला समजावत राहिली.

परीक्षा ठाण्याला होती. पहिलाच प्रश्न होता, मुलाला शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकाने कोणत्या गोष्टींचा विचार करावा? उत्तर तिला तोंडपाठ होतं. शब्द नीट आठवावेत म्हणून तिने क्षणभर डोळे मिटले.

खांद्याला कुणीतरी हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले. देखरेखीचे गृहस्थ पेपर गोळा करत होते. तिच्या कागदावर टाकातून सांडलेल्या शाईचा डाग होता, बाकी काही नव्हतं.

घरी आल्यावर तिने मुलांपासून काही लपवलं नाही. लपवून जूनमध्ये काय सांगणार होती? युजीनला मात्र हसू आलं.

"आय परीक्षेत पन झोपली," तो म्हणाला.

"पण म्हणजे? आणखी कुठे झोपले मी?"

"तेर्साला. बेला सांगायची तवा. तू घोरायला लागलीस का बेला मागच्या मन्यावर जायची. परत मागं, परत मागं. मला भूक लागायची, तर मला गप करायची. म्हनायची, आयला झोपू दे, देव काय रागवत नाय."

आपण भिंतीला टेकून जरा डोळे मिटतो, एवढंच मार्गारेटला आजवर वाटत आलं होतं. दिवसभरात तिला मिळणारी पुरती झोप तेवढीच होती, आणि ती या पोरीने मणी मणी करून जमवून दिली होती. त्याचं बक्षीस म्हणून आपण काय दिलं, ते तिला आठवलं.

"बेला, मला सांगितलं का नाहीस गं?"

बेला नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही. "सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस, आय."

संध्याकाळी घंटा झाली. मार्गारेटने माळ बेलाच्या हातात दिली, तो तळहात आपल्या गालाला लावला आणि ती भिंतीला टेकून बसली. तिने डोळे मिटले. मुद्दाम मोठा श्वास घेतला. थोडी घोरलीसुद्धा. आणि पोरगी मागच्या मण्यावर कधी जाते, याची वाट बघत राहिली.

बेलाने एकदा आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि दहा म्हणजे दहाच मणी मोजले. तेर्स वेळेवर संपला.